धाकट्याच्या डाव्या बुटातला तुकडा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बूट बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कोणाचंही दडपण नाही. भाचीने चहा तेवढा आणून ठेवला. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. दुकान, वरची खोली आणि बँकेतली शिल्लक भाचीला. चौदा वर्षं तिने शेजारच्या स्टुलावर बसून काम केलं आणि माझी कटकट ऐकली. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, तेव्हा म्हणाले होते, "मुलीला हे काम शोभतं का?" आज त्यांच्या पायातले बूट तिनेच शिवलेले आहेत. मेहुण्यांना काहीही मिळू नये.

कलम २. आरी, रापी, हातोडे आणि लाकडी साचे भाचीलाच. चामडं कापायची मोठी रापी शेजारच्या शिंप्याला उसनी देऊ नये. तो तिने खडू तासतो.

कलम ३. भिंतीवरची तसबीर भाचीने घ्यावी. तीत माझा धाकटा भाऊ विमानदलाच्या गणवेशात आहे, वय बावीस. घरात त्याला आम्ही सुपकान्या म्हणायचो. फोटोवाल्याने शहाणपणा करून त्याचे कान लहान केले. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. कान खरे केवढे होते, हे तिने आपल्या मुलांना सांगावं.

कलम ४. कपाटातला काळ्या बुटांचा जोड. हे बूट धाकट्याचे नाहीत, आणि ही गोष्ट मी बावन्न वर्षं कोणाला सांगितली नाही.

धाकट्याचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता. भरतीच्या डॉक्टरांपुढे तो उजवा गुडघा जरासा वाकवून उभा राहिला. ती युक्ती त्याची. कवायतीत ती चालली नसती, म्हणून पुढची माझी. मी त्याला बूट करून दिले आणि डाव्याच्या टाचेखाली, आतल्या अस्तराखाली, चामड्याचा तुकडा बसवला. बाहेरून ब्रह्मदेवालाही कळला नसता. धाकटा दुकानभर ताठ चालून दाखवत म्हणाला, "दादा, आता मला कोण अडवतंय!" मी हसलो होतो.

लढाईच्या सातव्या दिवशी त्याचं विमान पडलं. विमानात दोघेच होते, हा आणि वैमानिक; दोघेही गेले. उड्डाणाला जाताना ते जाड बूट घालत आणि आपापले जोड फळीवर शेजारी शेजारी ठेवत. सामान घरी पाठवताना कोणीतरी जोडांची अदलाबदल केली. आमच्याकडे आलेल्या पेटीतले बूट मी हातात घेतले आणि आत बोट घालताच समजलो. तुकडा नव्हता, टाकेही माझे नव्हते. आई मात्र झिजलेल्या टाचांवरून हात फिरवत म्हणाली, "फार चाललं रे माझं पोर." तिला मी काय सांगणार? ती मरेपर्यंत ते बूट रोज पुसत होती.

मी ते बूट पुष्कळदा निरखून पाहिले आहेत. वैमानिक उजव्या टाचेवर भार देऊन चालायचा. सायकल डाव्या पायाने थांबवायचा, कारण तिथलं चामडं खरडलेलं आहे. पुढे बोटांपाशी चिंध्या कोंबल्या आहेत, म्हणजे बूट त्याच्या मापाचे नव्हते. बहुधा थोरल्या भावाचे घातले असावेत. तो थोरला कोण असेल, काय करत असेल, याचं मला भारी कुतूहल आहे. अधिकाऱ्यांच्या पत्रात वैमानिकाच्या घरचा पत्ता होता. आई गेल्यावर मी कधीही जाऊ शकलो असतो. गेलो नाही, कारण हे बूट दिले की धाकट्याचे बूट समोर आले असते.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर भाचीने हे बूट त्या पत्त्यावर न्यावेत. धाकट्याचे मागू नयेत. त्यांच्याकडेही कोणी पुसत असेल. फक्त विचारून डाव्याचं अस्तर उचलून पाहावं. तुकडा काढलेला असेल तर धाकटा माझ्या मदतीशिवाय निभावला. तुकडा अजून आत असेल तर त्याला त्या विमानापर्यंत पोचवणारा मी. यातलं काय खरं, ते मला हवं आहे.

कलम ५ रद्द. साक्षीला आलेल्या शिंप्याने ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तू मेल्यावर ती पोर उत्तर कोणाला सांगणार? मला?"

मी म्हटलं, "तुला लिहिलेलं वाचायला नाही, सही करायला बोलावलंय."

"नाही करत, जा. स्वतः जाऊन विचार."

"भीती वाटते रे."

"मग वाटू दे. भीती वाटते म्हणून कोणी गाडीतून उतरवत नाही."

सुधारित कलम ५. बूट घेऊन मी स्वतः गुरुवारी जाईन. त्याआधी मेलो तरच भाचीने जावं. तुकडा असो वा नसो, तिथे थोरला भाऊ भेटला तर त्याला मी सगळं सांगेन.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली. दिनांक: नऊ, सोमवार, दुपारी.

सही: बूटवाला

साक्षीदार पहिले: डॉक्टर. माझ्यासमक्ष सही केली. पूर्ण शुद्धीवर, रक्तदाब जरा जास्त.

साक्षीदार दुसरे: शेजारचा शिंपी. सही केली. गुरुवारच्या गाडीची तिकिटं काढली आहेत, दोन.