काचेतली पैलवान

३ नोव्हेंबर, सोमवार

नवरीच्या हातात हॉकीची स्टिक! आज नांदेडच्या कापडदुकानाची शोकेस, पुतळे असे सजवून आले. पैठणी, नथ, मुंडावळ्या आणि स्टिक. शेजारी शेरवानीतला नवरदेव, पायाला गोलकीपरचे पॅड. मालक शिवमूर्तीअप्पांची कल्पना – लग्नसराईत गावाचा खेळ दिसला की गिऱ्हाइकाची छाती फुगते, म्हणे. लोकांनी फोटो काढले. स्टिक उलटी धरलीय हे एकाच्याही लक्षात आलं नाही. परतीच्या बसमध्ये मला माझ्याच हातांचा वीट आला.

आता लातूरच्या मोठ्या दुकानाची पाळी. इथं कुस्ती.

५ नोव्हेंबर, बुधवार

अप्पांनी फारूक वस्तादांच्या तालमीतून माती मागवली. खरी माती – हळद, तेल, ताक मुरवलेली. शोकेसमध्ये पसरली आणि तिच्यावर पुतळे उभे केले, उंच टाचांच्या सँडल घालून!

संध्याकाळी वस्ताद स्वतः बघायला आले. ज्या मातीत उतरण्याआधी माणूस वाकून ती कपाळाला लावतो, तिच्यात टाचा रुतलेल्या. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाई, मातीत चप्पल हाय," एवढंच म्हणाले आणि गेले.

मी सँडल काढल्या. अप्पांनी परत घालायला लावल्या, कारण सँडलही खपवायच्या आहेत. शेवटी मातीवर सतरंजी अंथरली. निदान झाकलं तरी.

८ नोव्हेंबर, शनिवार

पुतळ्यांनी भागत नाही आता! सोळा तारखेच्या रविवारी जिवंत पैलवान काचेत उभी करायची आहे. रेणापूरची लुंबिनी, वस्तादांची शिष्या, राज्य स्पर्धेत पदक मिळवलेली. लेहंगा घालून, गळ्यात पदक, दुपारभर पुतळ्यासारखं उभं राहायचं. मला वाटलं, पोरगी असल्या मागणीवर थुंकेल. तिनं लगेच हो म्हटलं. तिचीही किळस आली. खोटं कशाला लिहू?

११ नोव्हेंबर, मंगळवार

लुंबिनी माप द्यायला आली. खांदे असे की तयार ब्लाउज चढेना. आणि दोन्ही कान मोडलेले – कुस्तीत घासून घासून फुगलेले, आवळलेले, भज्यासारखे. मी बघतच राहिले. "लई वंगाळ दिसत्यात का, रईसाताई?" म्हणाली, तेही हसून. मी नाही म्हटलं. काय म्हणणार?

अप्पांचा हुकूम – केस वर बांधा, कान दिसलेच पाहिजेत. "नाजूक बाया तर पुतळ्यांत हायतच की. मला पैलवान दिसली पाहिजे." बैलाचे दात उघडून दाखवतात ना बाजारात, तसं चाललंय. शी!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिचे वडील शेषेराव येऊन गेले. मुलीला मागच्या महिन्यातच हदगावचं स्थळ आलंय. ती माणसं रविवारी कपडे बघायच्या निमित्तानं आमच्याच दुकानात येणार, मुलगी लांबून बघणार. पसंत पडली तर तिथल्या तिथं होकार. कुस्तीचं त्यांना सांगितलेलंच नाही! पोरगी व्यायाम करते, पदक धावण्याचं आहे, असं सांगून ठेवलंय. म्हणून बोर्डावर 'कुस्ती' शब्द नको, ही त्यांची अट. अप्पांनी मान्य केली. बोर्डावर नुसतं 'लातूरची शान' लिहा, बाकीचं कान बोलतील म्हणाले.

जाताना शेषेराव मला बाजूला घेऊन म्हणाले, केस कानांवरून सोडता आले तर बघा. एकाला पोरीचे कान दाखवून साड्या विकायच्यात, दुसऱ्याला तेच कान लपवून पोरगी खपवायची आहे. दोघंही सारखेच.

वस्तादांना फोन केला. लग्न ठरलं की तिची कुस्ती संपली, महिनाअखेरच्या निवड चाचणीलाही पाठवणार नाहीत, म्हणाले. मला वाईट वाटलं. पण त्यात मी काय करणार? मी पुतळ्यांना कपडे घालणारी बाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रंगीत तालीम. केस वर बांधून लुंबिनीला काचेत उभी केली. बाहेर शिकवणीची पोरं जमली. कानांकडे बोट करून खिदळली, एकानं स्वतःचे कान मुरगळून दाखवले. ती खाली बघत होती. पुतळ्याचे कपडे बदलताना काचेला लावतो तो कागद मी धावत जाऊन लावला. पुतळ्यालासुद्धा आम्ही उघडं पडू देत नाही, आणि ही तर जितीजागती पोर!

रविवारी हे होऊ देणार नाही. अप्पा गेले खड्ड्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार

करून दाखवलं!

अप्पा ढोलवाल्यांशी हुज्जत घालत होते तेवढ्यात लुंबिनीला आत घेतलं. केस मोकळे केले, दोन्ही कानांवरून वळवले, पिना घट्ट खोचल्या, वरून मोगऱ्याचे गजरे, त्यावर ओढणी. शेषेराव दाराशीच उभे होते. ती हळूच म्हणाली, "ताई, कान उघडे ऱ्हाऊ द्या की." अप्पांना घाबरते बिचारी, असं वाटलं. "त्यांचं मी बघते, तू गप उभी राहा," म्हटलं. परत एकदा म्हणाली. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि आणखी एक पीन लावली.

काय दिसली! एकही पोरगं हसलं नाही. काचेत उभी असताना एकदा तिचा हात गजऱ्याकडे गेला. पिना टोचत असतील. मी बाहेरून मानेनंच नको म्हटलं, तेव्हा तिनं हात खाली घेतला. जरीच्या टोप्या घातलेले दोघं-तिघं आणि एक ठसठशीत बाई बराच वेळ काचेसमोर उभे होते. हदगावचेच असावेत.

अप्पांनी सगळ्यांदेखत झापलं. या सबंध भिकार महिन्यात पहिल्यांदाच मला स्वतःची लाज वाटली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अप्पा अजून बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज हदगावची माणसं बस्ता बांधायला दुकानात आली. लुंबिनी सोबत होती, डोक्यावरून पदर घेऊन. तिची आई जरा बाजूला झाली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "कान बघून ही मानसं माघारी जातील म्हनून काचेत उभी ऱ्हायले होते, ताई."

मग तिच्या होणाऱ्या सासूनं हाक मारली, आणि मी शालू उलगडायला घेतले.