पावावरचा लाल ठिपका

तीर्थरूप तिसऱ्या मामांना वेईफांगहून भाची छियाओयुनचा वाकून नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? आणि रक्तदाब? (रात्ररात्र मोबाइलवर देशाची राखण करता, असं मामी सांगत होत्या. जरा झोपत जा.) तुमच्या पंचाहत्तरीला पाठवलेले पाव पोचले असतील. तुमचा काहीच निरोप नाही, म्हणून हे पत्र.

इथे जीव टांगणीला लागला होता, पण सुटले बाई एकदाची! झालं काय, 'पोलादी छाती' नावाच्या कुणा रिकामटेकड्याने माझ्या वाफेच्या पावाचा फोटो इंटरनेटवर टाकला. पांढरा गोल पाव, मधोमध लाल ठिपका. आजी लावायची, आई लावायची, सणावाराला, वाढदिवसाला मीही लावते. तर हा म्हणे, हा जपानचा झेंडा आहे आणि चीनचं खाणारी ही बाई देशद्रोही! (मेल्याचे दात पडोत. उरले असतील तर.) दुसऱ्या दिवशी दुकानापुढे पोरंटोरं मोबाइल उगारून हजर. गिऱ्हाईक फिरकेना. गाळ्याचे मालक माझ्याकडे न बघताच म्हणाले, संध्याकाळपर्यंत हे मिटव, नाहीतर गाळा रिकामा कर. इतक्या वर्षांची चूल विझणार म्हणून मी पीठ मळता मळता रडले. (त्या पिठाला वेगळं मीठ लागलं नाही.)

पोरांचा म्होरक्या शिआंग घसा फोडून लाइव्ह बोलत होता. तेवढ्यात त्याला जेवायला शोधत त्याची आजी आली. गर्दीत घुसून तिने त्याचा कानच धरला. "तू महिन्याचा झालास तेव्हा अख्ख्या गल्लीत ठिपक्याचे पाव वाटले मी. मग तू जपानी का रे, मुडद्या?" हजारो लोक बघत होते, मामा! मला तर म्हातारीचे पाय धरावेसे वाटले.

संध्याकाळपर्यंत वारं फिरलं. आता ठिपका म्हणजे राष्ट्राची शान. शेजारचा छियेन बिनठिपक्याचे पाव विकतो म्हणून त्याच्यावर संशय. बिचारा कोबीच्या पावांनाही रंग फासत बसलाय. माझ्या दारात रांग, आणि ती शिआंगच सांभाळतो. मालक स्वतः पाव न्यायला आले आणि गाळ्याचं नावही काढलं नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
छियाओयुन

ता. क. 'पोलादी छाती'च्या फोटोत कोपऱ्यात चहाचा मग दिसतो. कान तुटलेला, वर बदकाचं चित्र. तो तुम्हाला मीच दिला होता. मामींना अजून बोलले नाही.

आणखी एक. इंटरनेटवरचा तो फोटो मात्र उतरवू नका. रांग ओसरायला लागलीये. पुढच्या आठवड्यात मुगाच्या वड्या पाठवते. त्यांतही काही परकं कारस्थान दिसतंय का, जरा नीट बघा. दातांची काळजी नको, मऊ करते.