पायधुणीवर थांबलेली आई

॥ श्री ॥
तुडील, ४ फेब्रुवारी १९३४

चि. महिपतीस कोंडाजीचे अनेक आशीर्वाद. उ. वि. इकडे सारे खुशाल. वाल बरा आला.

काळजी आईच्या डोळ्यांची. महाडचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, पावसाळ्याआधी मुंबईच्या इस्पितळात न्या, नाहीतर उरलीसुरली नजरही जाईल. पण आई ऐकेल तर शपथ. इथे चिंच, उंबर, खळं हाताला ठाऊक आहे, तिथे मी रस्ता कुणाला विचारू, असं तिचं म्हणणं.

तू मात्र मजेत आहेस. सदऱ्याची बटणं तुटण्याइतका जाडा झालास, हे तुझ्या पत्रातलं वाक्य तिने माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. पोट आवर आणि काही उपाय सुचव.
तुझा दादा

॥ श्री ॥
मुंबई, १२ फेब्रुवारी १९३४

ती. दादांस महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आईला सांगा, मुंबईसुद्धा चिंचाउंबरांचीच. भाऊच्या धक्क्यावर उतरलं की चिंचबंदर, मग उमरखाडी, पुढे पायधुणी. तिथे पूर्वी खाडी होती म्हणे, माणसं पाय धुऊन मगच शहरात शिरायची. तिथून वळलं की भायखळा, म्हणजे खळंच. तिथेच आमच्या गावकीची खोली.

तुमच्यापुरतं लिहितो. चिंचबंदराला मी चिंच शोधली, एक दिसेल तर शपथ. पायधुणीला पाण्याऐवजी ट्रामचे रूळ आहेत. हे तिला वाचून दाखवू नका.
आपला आज्ञाधारक महिपती

॥ श्री ॥
तुडील, २० फेब्रुवारी १९३४

चि. महिपतीस आशीर्वाद. उ. वि. सांगितलंस ते गाळलं. आई तयार झाली. मालोजीकाका मुंबईला निघालेत, त्यांच्यासोबत ती बाणकोटला आगबोटीत बसेल. धक्क्यावर ये. पहिल्यासारखा उशिरा उठू नकोस.
तुझा दादा

॥ श्री ॥
मुंबई, २ एप्रिल १९३४

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गाळायला सांगितलं ते मलाच भोवलं. पायधुणी आली म्हटल्यावर आई ट्रामच्या रुळांतच थांबली. परक्या गावात धुळीच्या पायांनी शिरणार नाही, पाणी दे, म्हणाली. ट्रामवाला घंटा बडवतोय, मालोजीकाका तोंड लपवतायत. शेवटी एका भिश्त्याने पखालीतलं पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि पैसे घेतले नाहीत. तिने त्याला नातवंडांचा आशीर्वाद दिला, तेव्हा कुठे ट्राम हलली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. काल जाडा चष्मा मिळाला. आता हिला राणीची बाग दाखवू, बंदर दाखवू, असं मी ठरवत होतो. ती मात्र माझ्याकडेच बघत राहिली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "कोंडाला वाचाया येत नाय वाटतं. तो तर तू जाडा झालायस सांगत व्हता."

मी हसायला गेलो, पण मला रडू आलं, दादा. गोदीतलं काम अंग खातं, ते तुम्हाला कशाला लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी धुराजवळ जाऊ नको म्हणून बजावलंय, म्हणून आई चुलीपाशी बसत नाही. माझ्या ताटापाशी बसते. पाऊस लागेपर्यंत हलणार नाही म्हणते. मालोजीकाका गावाहून परत इकडे येतील तेव्हा त्यांच्यासोबत तांदूळ आणि वाल धाडा. तुमच्या वाचण्याबद्दल तिचं जे मत झालंय, ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही, तरी माया पातळ होऊ देऊ नये.
आपला महिपती