मनोरमेने देवाला अडवलं त्याची हकीकत

झिंडेलफिंगेन (जर्मनी), २६ जून २००३

ती. दादांस,

वासुदेवचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरच). आपली शुगर आटोक्यात असेल, वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं असेल. इकडे सत्यजित आणि सूनबाई ऑफिसात, मी आणि मनोरमा बाल्कनीत, असं चाललं आहे.

आपण फोनवर दरडावलंत, "माझ्या बहिणीला तिथे करमत नसेल तर तिकीट बदला आणि ताबडतोब पुण्याला पाठवा." दादा, करमत नव्हतं हे खरं. आल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती. (माझ्याशी बोलायची, पण ते बोलणं आपण जाणताच.) पण गेल्या रविवारी जे घडलं त्यानंतर माझंच डोकं चालेनासं झालं आहे.

खालच्या मजल्यावर ब्रूनो नावाचे इटालियन गृहस्थ राहतात. जन्म गाड्यांच्या कारखान्यात घालवला, आता आमच्यासारखेच रिकामे. त्यांचं गाव इटलीत एका डोंगराच्या माथ्यावर. (इतक्या उंचावर गाव कशाला वसवलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर. जर्मनीत आयुष्य काढलेला माणूस कशालाही गेनाऊ म्हणतो.) गावी उत्सव होता, म्हणून सत्यजितने आम्हाला त्यांच्या गाडीत कोंबून दिलं.

पोचलो आणि खाणं सुरू झालं. आधी जाड्या शेवयांसारखं काही आलं. मी तेच जेवण समजून तीनदा घेतलं, मग कळलं की जेवण अजून यायचंय. जर्मनीत नको म्हटलं की ताट उचलून नेतात. इथे ब्रूनोंची बहीण आस्सुन्ता नको म्हटलं की आपल्या वहिनींसारखी दुप्पट वाढते. मनोरमा परदेशात प्रथमच हसली, तीही माझ्या ताटाकडे बघून.

शनिवारी संध्याकाळी बघतो तो सारं गाव रस्त्यावर बसून फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतंय. मनोरमेने पदर खोचला आणि आस्सुन्ताच्या दारापुढचा तुकडा ताब्यात घेतला. बाकीच्या बायका मुठीमुठीने पाकळ्या टाकत होत्या, हिने चिमटीने ज्ञानकमळ काढलं. बघायला गर्दी जमली. मला फार अभिमान वाटला (तिला सांगितलं नाही).

रविवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे छत्राखाली सोनेरी पात्रात देव घेतलेले पाद्रीबुवा. आणि दादा, ते सरळ पाकळ्यांवरून चालत येत होते! रांगोळीवर पाय देणारा पुजारी आपण जन्मात पाहिलाय का? त्यांचा बूट कमळाला लागणार, तोच मनोरमा दोन्ही हात पसरून पुढे झाली. "अहो, रांगोळी आहे, दिसत नाही का? बाजूनं जा!" शुद्ध मराठीत. बँड थांबला. ब्रूनो माझ्याकडे बघायला लागले, मी ढगांकडे.

पाद्रीबुवा बिचारे भिंतीला घासून कडेने गेले. त्यांच्यामागे सारं गाव एकेरी रांगेत. ढोलवाला मात्र मधेच अडकला, त्याला आडवा करून काढावा लागला. कमळ शाबूत राहिलं. मनोरमा ऐटीत वळली, तर आस्सुन्ता दारात ढसाढसा रडतेय. ब्रूनोंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की गालिचा घालतात तो देवाने वरून चालावं म्हणूनच. नवरा गेल्यापासून ही वर्षभर त्या पावलांची वाट बघते, आणि यंदा देव तिचंच दार टाळून गेला.

मी पार चक्रावलो. आपल्याकडे पाय पडला की पाप, यांच्याकडे न पडला की. मग चूक कोणाची धरायची? मनोरमेने असला काही विचार केला नाही. ती धावत सुटली (ते दुखरे सांधे घेऊन!), देवळाच्या पायरीवर पाद्रीबुवांना गाठलं, बाहीला धरून देवासकट परत आणलं आणि आपल्याच कमळाकडे बोट दाखवून म्हणाली, "द्या पाय." ते मधोमध चालत गेले. कमळ विस्कटलं. दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो. का, ते विचारू नका, मला अजून कळलेलं नाही.

सांगायचं इतकंच की तिला आता करमतंय. तिकीट बदलू नये, ही विनंती.

आपला,
वासुदेव

ता. क. : पत्र मनोरमेने वाचलं. ती म्हणते, मी ओरडले नव्हते, समजावून सांगत होते.

आणखी एक ता. क. : वरचं सगळं रद्द समजावं. आत्ताच आस्सुन्ताचा फोन आला. दोघींना एकमेकींच्या भाषेचं अक्षर कळत नाही, तरी गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत बोलल्या. मनोरमा जुलैभर तिकडे राहायला निघाली आहे. बॅग भरते आहे, मला विचारलंही नाही. दादा, आपलं ती ऐकते. कृपा करून फोन करा, चांगलं दरडावा आणि दोघांनाही पुण्याला बोलावून घ्या. तिच्यावाचून इथे मला एक दिवससुद्धा करमायचं नाही हो.