थर्झा पेटीबोनचा जबाब

एल्म फोर्ड, नेब्रास्का
४ मार्च १९७३

चि. ऑरिन यास,
ताईचे अ. आ. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड परवा मिळालं. पस्तीस वर्षं पोस्टात नोकरी केलेल्या माणसाचं कार्ड मार्चमध्ये यावं, याचं मला तरी नवल वाटलं नाही.

इकडे गावाला शंभर वर्षं होताहेत. आपला चुलतभाऊ मर्ल समितीचा अध्यक्ष झालाय, म्हणजे त्याने स्वतःला केलंय. चर्चसमोर पणजोबांच्या नावाचा दगड बसणार आहे. मजकूर असा, की असाहेल पेटीबोन यांनी या माळावर एकट्याने पहिलं घर बांधलं आणि हिमवादळ, टोळधाड कशालाच पाठ दाखवली नाही. मर्लने तो मला फोनवर दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा आणखी सावकाश.

समारंभात घराण्याचा इतिहास मी वाचायचा आहे. पणजोबांना सरकारने जमीन दिली त्याचे कागद वॉशिंग्टनच्या दफ्तरखान्यात आहेत. तिथून तू बसने तासाभरावर राहतोस. चाळीस वर्षांत तुझ्या तिथे राहण्याचा घराला काही उपयोग झालेला नाही, एवढा होऊ दे.

गुडघा बरा आहे ना? नसला तरी जा.

तुझी,
व्हर्ना


बाल्टिमोर
२९ मार्च

ती. ताईस,
ऑरिनचा सा. न.

गुडघ्यासकट गेलो. तीन खेपांनंतर कागद मिळाले. बसून वाच.

पणजोबांनी मातीच्या ढेकळांचं घर बांधलं हे खरं, पण सोबत पणजी थर्झा आणि तीन मुलं होती. १८७४ साली टोळांनी पीक खाल्लं. ऑक्टोबरात पणजोबा बियाणं आणायला ओहायोला गेले. ते घेऊन परत यायला त्यांना आठ वर्षं लागली. बियाणं फार निवडक असणार.

जमीन नावावर व्हायला पाच वर्षं तिथे राहून ती कसावी लागे. ते पणजीने केलं. १८७९ साली कचेरीत शपथेवर जबाब दिला, खाली सही केली. सरकारने तिचा शब्द न् शब्द मानला आणि जमीन नवऱ्याच्या नावावर करून दिली.

जबाबाची नक्कल सोबत आहे. पण आता उकरून काय करायचंय? सगळी मंडळी केव्हाच गेली. मर्लचा सोहळा होऊन जाऊ दे.

तुझा,
ऑरिन


एल्म फोर्ड
८ एप्रिल

चि. ऑरिन यास,
अ. आ.

निघून गेलेल्याची बाजू निघून गेलेल्यानेच घ्यावी, हे रीतसर झालं. बाबा अर्धांगाने पडले तेव्हा तू लिहिलंस, की येतोच. नऊ वर्षांनी आलास, अंत्यविधीला, नवी हॅट घालून. ऑरिनने एवढ्या लांबून वेळ काढला म्हणून सगळं गाव गहिवरलं. मला लोकांनी विचारलं, की जेवायला किती माणसं आहेत.

मर्लकडे जाऊन आले. तो म्हणाला, की पणजी तिथे होती हे गृहीतच आहे, आणि दगडावर आता जागा नाही. मग तळाला अध्यक्षांचं नाव कसं मावलं, असं मी विचारलं. त्यावर त्याने मला केक दिला.

जबाब मी वाचणार आहे.

व्हर्ना


बाल्टिमोर
२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

हॅटबद्दल तू एकोणीस वर्षं बोलली नाहीस. बाबांना तसं मला बघवणार नाही, अशी सबब मी स्वतःला देत आलो. पणजोबांकडेही अशीच एखादी असेल. मी घाबरलो होतो, ताई, दुसरं काही नाही.

जबाब जरूर वाच. मर्लने माइक काढून घेतला तर नुसत्या आवाजात वाच. तुझा आवाज मी लहानपणी पुष्कळ ऐकलाय.

ऑरिन


एल्म फोर्ड
११ जून

चि. ऑरिन यास,
अनेक आशीर्वाद.

परवा वाचला, जसाच्या तसा. 'माझा नवरा गेला. कुठे आहे ते ठाऊक नाही. चाळीस एकर मी नांगरले. धाकटी पहिल्या हिवाळ्यात वारली, ती घरामागे आहे. मी एक दिवसही जागा सोडली नाही, कारण जायला दुसरी नव्हती.' मर्लने घाईघाईने बँडला खूण केली, पण वाजवणारे सगळे शाळेत माझ्या हाताखालून गेलेले. कोणी वाद्य उचललं नाही.

नंतर शेजारच्या शेतावरची ब्लाझेना कुबिचेक आली. ऐंशी वर्षांची आहे. तिचे आजोबा बोहेमियाहून येऊन आपल्या बांधालाच राहिले होते. ती म्हणाली, की त्यांच्या घरी आपल्या शेताला कायम थर्झाचं शेतच म्हणतात, असाहेल कोण ते तिला दगडावरूनच कळलं. इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, तुम्ही पेटीबोन बोलत असता, मध्ये वाव कुठे मिळतो.

मग तिने मला कुंपणापलीकडे नेलं. धाकटीची जागा त्यांच्या हद्दीत गेलीय. तिचं नाव ऑरिला होतं. दर मे महिन्यात त्यांच्या घरचं कोणीतरी तिथलं गवत कापतं. शंभर वर्षं कापताहेत, आपल्या मुलीसाठी.

पुढच्या वर्षीपासून आपण कापू, असं मी सांगून आलेय. 'आपण' म्हणाले. तेव्हा मे महिन्यात ये. माया आहेच, पण विळा एकच आहे, दुसरा घेऊन ये.

तुझी,
ताई