वीस घरांचा रक्तदाब

३ ऑगस्ट, सकाळी ६
‘वैयक्तिक आणि सामाजिक आरोग्य’ या पेपरसाठी मॅडमनी रोज स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवायला सांगितली आहे. त्यासाठी एक वही केली. ही दुसरी. हिच्यात खरं लिहायचं.

वय एकोणपन्नास. सत्तावीस वर्षं याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, आता इथेच विद्यार्थी. पदवी मिळाली की बढती. वर्गात वयाने सगळ्यांत मोठा मी, मॅडमहूनही.

संकल्प : रोज अर्धा तास चालणे. मीठ कमी. प्रार्थनेआधी चहा नाही.

४ ऑगस्ट
चालणं झालं नाही. पण दिवसभर उभा होतो, आणि उभं राहणं हे जागच्या जागी चालणंच आहे. मॅडमच्या वहीत वीस मिनिटं लिहिली. दहा मिनिटं प्रामाणिकपणासाठी सोडली.

९ ऑगस्ट
आज बीपी मोजायला शिकवलं. पट्टा दंडाला बांधायचा, फुगा दाबून हवा भरायची, मग हवा सोडत काटा पाहायचा आणि स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकायचे. ठोका सुरू झाला तो वरचा आकडा, थांबला तो खालचा. पोरापोरींना पटापट ऐकू आलं. मला काहीच नाही. मॅडमनी विचारलं, काका, येतंय ना ऐकू? सगळा वर्ग बघत होता. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनी ठरवायचं.

यंत्र जुनं असावं.

१२ ऑगस्ट
प्रोजेक्ट मिळालं. आपल्या इमारतीतली वीस घरं, प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस. बीपी मोजायचं आणि झोप, मीठ, पाणी वगैरे पाच प्रश्न विचारायचे. आठवडाभर यंत्र घरी. बायकोच्या हातावर सराव करणार होतो, पण हिने भांडी घासत हात पुढे केला. ओल्या हातावर शास्त्र चालत नाही.

१३ ऑगस्ट, संध्याकाळी
तळमजल्यावरच्या शिंप्यापासून सुरुवात. दोन वर्षं बीपीची गोळी घेतोय. स्टूल पुसून दिलं, बाही वर केली, देवळात बसावं तसा बसला. मी कान लावला. माझा मलाच श्वास ऐकू येत होता. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले तर काटा एकशेवीसच्या आसपास थरथरत होता.

हा माणूस दिवसभर खाली मान घालून शिवतो, कुणाला उलट बोलत नाही. त्याला बीपी कुठून येणार? १२२/८० सांगितलं. नुसतं १२० सांगितलं तर ठोकळेबाज वाटतं, म्हणून वर दोन.

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. डॉक्टरसाहेब म्हणाला. दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा नको म्हणणं उद्धटपणा झाला असता.

१७ ऑगस्ट
आठ घरं झाली. आठही ठिकाणी यंत्र जुनंच निघालं. उरलेली बारा टेबलावर बसून भरली. इतकी वर्षं शेजारी राहतोय, मी त्यांना ओळखत नाही तर कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या भांडखोर म्हाताऱ्याला १३८ दिलं. कुणाची भीड धरली नाही.

चालणं : फाइल द्यायला गेलो ते.

२० ऑगस्ट
जिन्यात शिंपी भेटला. गोळी बंद केली म्हणाला. तुम्ही मोजलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, चौदा तारखेपासून. दवाखान्यात जाऊन विचारलंत का, असं मी विचारलं. म्हणाला, आपल्या घरात डॉक्टर असताना दवाखान्यात कशाला रांग लावायची?

 सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून कुणीतरी बादली घेऊन उतरलं. अशी गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. उद्या सांगतो.

आणि आकडा बरोबर असूही शकतो. कुठलातरी आकडा बरोबर असतोच.

२१ ऑगस्ट
सांगितलं नाही. प्रार्थनेत देवाला सांगितलं. म्हणजे निम्मी कबुली झाली.

२४ ऑगस्ट
मॅडमनी माझी फाइल वर्गात फिरवली. एकही खाडाखोड नाही म्हणाल्या. खाडाखोड कुठून होणार? मोजताना चुका होतात, कल्पनेत होत नाहीत. हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण त्या खूश होत्या. दुसऱ्याचा आनंद मोडू नये.

दुपारी जेवण गेलं नाही. मॅडमच्या वहीत ‘मिताहार’ लिहिलं.

२७ ऑगस्ट
आज एका मुलीला मॅडम म्हणाल्या, अगं, कानातली टोकं उलटी घातलीस. ती नाकाच्या दिशेला वळलेली हवीत, नाहीतर नीट ऐकू येत नाही.

मी माझी हळूच फिरवली. शेजारच्या मुलाचा हात ओढून घेतला, हवा सोडत गेलो आणि ऐकलं. ठक. ठक. ठक. दूरवर कुणीतरी दार वाजवत असावं तसं.

यंत्राला नावं ठेवली, त्याची माफी मागतो.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी
पक्कं ठरवून शिंप्याकडे गेलो. गिऱ्हाईक होतं. ते गेलं तर दुसरं आलं. तिसऱ्याच्या वेळी शिंप्याने विचारलं, काही काम होतं का डॉक्टरसाहेब? मी पँट थोडी लांब होतेय म्हणालो. हातातलं काम बाजूला ठेवून त्याने माझी पँट आधी केली. खाली बसून माप घेताना त्याचा कान लालबुंद दिसला. उकाड्याने असेल.

आता पँट आखूड झाली आहे.

३० ऑगस्ट
एक चिठ्ठी लिहून त्याच्या दाराखालून सरकवायचं ठरवलं. ‘गोळी चालू ठेवावी. एक हितचिंतक.’ वाचून पाहिली. धमकी वाटते. फाडली.

१ सप्टेंबर
शिंप्याला मशीनवर बसल्या बसल्या चक्कर आली. सुई बोटातून आरपार गेली. त्याच्या बायकोने, वहिनींनी, रिक्षाने दवाखान्यात नेलं. १८६/११२. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. गोळी पुन्हा सुरू केली, बरोबर दुसरीही दिली.

संध्याकाळी भेटायला गेलो. बोटाला हे एवढं बँडेज. तरी दवाखान्यात माझीच बाजू घेऊन आला होता. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मोजलं तेव्हा बरोबरच होतं, नंतर चढलं असेल, असं त्यांना ठणकावून सांगितलं म्हणे. वहिनी पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवून उभ्या राहिल्या.  मी पेला तसाच ठेवून निघालो.

२ सप्टेंबर
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, मला माहीत होतं. ज्या माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, त्याला दुसऱ्याचे ठोके काय ऐकू येणार? मला वाटलं आता थोडं हसेल. हसली नाही.

३ सप्टेंबर
मॅडमकडे गेलो. मोठं पाप कबूल करायचं म्हणून शर्ट इस्त्रीचा घातला. सगळं सांगितलं, टेबलावरच्या बारा घरांसकट. फाइल फाडून टाका, नापास करा म्हणालो. त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, “फाइलचं नंतर बघू, काका. त्या माणसाला सांगितलंत का?”

म्हणजे मी पुन्हा सोप्या दारात आधी गेलो होतो.

४ सप्टेंबर, संध्याकाळी ७
सांगितलं.

भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मला काही ऐकू आलं नव्हतं, आकडा मनाने सांगितला, एवढंच म्हणालो. शिंपी डाव्या हाताने चिंध्या गोळा करत होता, ते करत राहिला. मग त्याने विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

सत्तावीस तारखेपासून म्हणणार होतो. कानातली टोकं तेव्हा कळली, हिशेब चोख बसला असता. पण तोंडातून निघालं, “त्याच दिवसापासून.”

मला वाटलं ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं. तो म्हणाला, “ते अठरा दिवस फार छान गेले हो. सकाळी उठलो की वाटायचं, सुटलो एकदाचा.”

मी खाली पडलेली एक चिंधी उचलून त्याच्या ढिगात ठेवली.

आतून वहिनींचा आवाज आला. त्यांचं बोलून झालं असेल तर त्यांना म्हणावं, अजून एकोणीस घरं आहेत.

मॅडमकडून पुन्हा मागून आणलेलं यंत्र पिशवीत होतं. बाहेर आलो. लगेच घरी जाऊन अगोदर एक वेळापत्रक करावं, दिवसाला तीन घरं, असा विचार केला. पाय जिन्याकडे वळलेही होते. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. मग शेजारची बेल वाजवली.

आतून विचारलं, “कोण, डॉक्टरसाहेब का?”

“कुणी नाही,” म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो.