कुलूप संग्रहालय पायी फेरीतून न वगळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पायी फेरी व लहान संग्रहालये विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : 'बंद पडलेले धंदे' या फेरीत आमचा थांबा कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : धंदा चालू आढळल्याबद्दलची आपली नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून खाली सही करणार अर्ज करतो की,

१. शहरातील लहान संग्रहालये एकेका विषयाने जोडून पाहुण्यांना पायी हिंडवण्याची आपली योजना निघाली, तेव्हा मी एका गोदामात कारकून होतो. ती नोकरी सोडून मी वडिलांच्या दुकानाचे संग्रहालय केले. हाताने कुलपे घडवणारे ते शहरातले शेवटचे कारागीर. आपल्या फेरीत आमचा थांबा बटणांच्या संग्रहालयानंतर लागतो. फेरी सोडली तर आमच्याकडे कुत्रेही फिरकत नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो.

२. दाखवला जाणारा धंदा पूर्णपणे बंद पडलेला असावा, अशी आपली अट आहे. बटणवाल्यांचे मालक उद्घाटनाच्या आठवड्यातच वारले, त्यामुळे त्यांची अडचण परस्पर सुटली. आमचे वडील मात्र ठणठणीत राहिले. यात माझा काही दोष नाही, याची नोंद व्हावी.

३. वडिलांना कोपऱ्यात स्टुलावर गप्प बसण्यास बजावले होते. परंतु एका पाहुण्या बाईंनी न उघडणाऱ्या पेटीचे कुलूप पुढे केले आणि यांनी लगेच कानस उचलली. पुढच्या फेरीला लोक घरून बिघडलेली कुलपे पिशवीत घालून आले. म्हाताऱ्याला जेवणाची शुद्ध राहिली नाही, इतका आनंद. नेमके तेव्हाच आपले निरीक्षक दारात उभे होते. नोटीस हातात पडली आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले.

४. त्याच दिवशी मी त्यांची सगळी हत्यारे काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. सकाळी पाहतो तो कपाट सताड उघडे आणि वडील कामात गर्क. दुसरे लावले, तेही उघडले. बाजारातून आकड्यांचे महागडे कुलूप आणले, ते त्यांनी कानाशी धरून चहा निवायच्या आत उघडले. शेवटी इरेला पेटून मी मांडणीतले सर्वांत जुने, जाडजूड कुलूप काढून लावले. तेव्हा भरल्या गटासमोर ते हसून म्हणाले, "अरे, हे तर मीच घडवलंय. ते मला कसं अडवेल?" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चारचौघांत माझी शोभा झाली.

५. मग नाइलाजाने वडिलांनाच माळ्यावरच्या खोलीत हलवले. तिथे कुलूप लावण्याची चूक मी केली नाही. बाहेरून साधा लाकडी अडसर घातला. त्याला ना किल्ली ना भोक, त्यामुळे त्यांच्या उभ्या आयुष्याच्या कलेने तिथे हात टेकले. हे मला आधीच सुचायला हवे होते. पत्नीला ते रुचले नाही. "स्वतःच्या बापाला कोंडता, तुम्हाला काहीच वाटत नाही?" एवढे बोलून ती माहेरी गेली. वाटते, महोदय. पण वाटून थांबा टिकत नाही.

६. वडील आतून दारावर ठोकू लागले. पाहुण्यांनी विचारले, तेव्हा जुन्या कारखान्याचा आवाज यंत्रावर लावला आहे, असे मी सांगितले. ही युक्ती लोकांना अतोनात आवडली. फेरीचा वाटाड्या गटाला मुद्दाम जिन्याखाली थांबवून शांत उभे राहायला सांगू लागला. एका गृहस्थांना तर मधूनच 'पाणी' असा शब्द ऐकू आला, आणि आवाज फार जिवंत असल्याची त्यांनी दाद दिली. पाणी आणि ताट मी रोज शेवटचा गट गेल्यावर वर नेत असे. मध्यंतरी सुट्ट्यांमुळे फेऱ्यांची रीघ लागली, आणि दार उघडले की ते निसटून खाली येतील ही धास्ती होतीच, त्यामुळे ताट-पाणी नेणे राहून गेले.

७. कालपासून आवाज बंद आहे. यंत्र बिघडले का, म्हणून वाटाड्याने विचारले, तेव्हा मी हो म्हणालो. अद्याप वर गेलेलो नाही. मी एकट्याने अडसर काढला, तर धंदा बंद होता याला साक्षीदार कोण, असा प्रश्न उद्या आपणच विचाराल. सबब आपण स्वतः यावे, आपल्या हाताने दार उघडावे आणि धंदा पूर्णपणे बंद असल्याचा शेरा मारून नोटीस मागे घ्यावी, ही विनंती.

८. परगावच्या बहिणीला पत्नीने कळवलेले दिसते. आज तिचा फोन आला. "दादा, आधी वर जा. दार उघड." एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. अर्ज लिहितो आहे, असे मी तिला सांगितले. ती गाडीत बसली आहे. तिला नियमांतले काही कळत नाही, ती आली की थेट जिना चढेल. तरी कृपया तिच्याआधी पोहोचावे.

आपला नम्र व अटी पाळणारा,
(सही)
चालक, कुलूप संग्रहालय
दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत : १) नोटिशीची प्रत.
२) नव्या पाटीचा मजकूर. वडिलांच्या नावाआधी 'कै.' साठी जागा सोडली आहे.